विमलचा विणकाम वर्ग

“आधी तिला गौरीपुढून बाजूला घ्या, मग काय ते बघू,” विहीणबाई म्हणाल्या. तिला म्हणजे माझ्या लेकीला, शैलाला. नैवेद्याचं ताट घेऊन ती वाकली, तशीच खाली बसली आणि मग आडवी झाली. पुरणपोळ्या फरशीवर, कटाची आमटी फरशीवर, आणि बघता बघता तिच्या साडीखालून रक्त येऊन त्या आमटीत मिसळायला लागलं. शैलाच्या सासरच्या भाईंदरमधल्या दोन खोल्यांत गौरीच्या जेवणाला आलेल्या बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. हात लावायचा कुणी, हा प्रश्न होता. सगळ्या पूजेच्या साड्यांत. एक म्हणाली, गोमूत्र आहे का घरात? दुसरी म्हणाली, मुखवटे झाका आधी. मी स्वयंपाकघरातून वाट काढत पुढे येत होते, पण माझ्या आधी माझी नणंद विमल पोचली. तिने शैलाची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि गुंडाळायला काहीतरी द्या म्हणाली. कुणी हललं नाही. तेव्हा तिने गौरीपुढे ठेवलेली कोरी हिरवी साडी उचलली, घडी मोडली आणि शैलाला कमरेपासून गुंडाळलं. विहीणबाई किंचाळल्या, “अहो, ती देवीची आहे!” विमल म्हणाली, “देवीच्या अंगावर एक आहे. रिक्षा आणा.”

ती विमल आता गेली. दोन महिने होत आले. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही, तो आमच्याकडे सांगत आला. माझ्याकडे किल्ली होती. ती झोपेतच गेली होती, तोंडावर त्रास वगैरे काही नव्हता. लोकांनी तेवढ्यावर समाधान मानलं. मला नाही मानता येत. तिच्या कामाबद्दल कुठे एक ओळ आली नाही, आणि येणार तरी कशी? दारावर पाटी होती ‘विणकाम वर्ग’. विणकामाचा आणि तिचा काही संबंध नव्हता. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, पण हे कुणीतरी लिहायला हवं, आणि ज्यांनी लिहायला हवं त्या गप्प बसल्या आहेत.

विमल माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आले तेव्हा ती शाळेत होती. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, फोर्टमध्ये नोकरीला लागली. हुशार होती, दिसायला बरी होती, पण तिला पाळी चार-चार महिने यायची नाही आणि हनुवटीवर केस यायचे. बघायला आलेली माणसं चहा पिऊन जायची आणि मग कळवायची, पत्रिका जमत नाही. पत्रिका कसली, हनुवटी जमत नव्हती. सासूबाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, लग्न करून टाका, सगळं सुरळीत होईल. म्हणजे लग्न होत नाही म्हणून डॉक्टरकडे जायचं आणि डॉक्टरने सांगायचं लग्न करा! एकाने नाही, तिघा-चौघांनी हेच सांगितलं. एकदा तिथून आल्यावर ती जिन्यात बसली होती. मी म्हटलं, “काय झालं?” ती म्हणाली, “वहिनी, माझ्या अंगात काय चाललंय हे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी सांगत नाहीये.” रडली नाही. तिला राग आला होता. तो राग तिने पुढे सगळी वर्षं वापरला.

मग एका डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. गळ्यातली ग्रंथी कुठे, बीजांडकोश कुठे, कोणता रस कधी पाझरतो आणि कधी अडतो, ह्याला हार्मोन म्हणतात, आणि खाणं, झोप, डोक्याचा ताप ह्या सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. तो कागद बघून विमल वेडीच झाली. ऑफिस सुटल्यावर दादरला आहारशास्त्राच्या वर्गाला जायला लागली. पोस्टाने इंग्रजी पाठ मागवायची, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची. एका वैद्यांकडे रविवारी जाऊन बसायची. घरात सगळे हसायचे. आमचे हे म्हणायचे, “पोळी-भाजीचा कोर्स? तो तुझ्या वहिनीने फुकट शिकवला असता.” ती म्हणायची, “दादा, वहिनी स्वतः काय जेवते ते कधी बघितलंयस?” ह्यांनी बघितलं नव्हतं. तसं मीही बघितलं नव्हतं.

चाळ पाडायला काढली तेव्हा आम्ही मिरा रोडला आलो. शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. खिडकीतून मिठागरं दिसायची आणि नळाला पाणी यायचं नाही. विमलने शेजारच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर स्वतःची खोली घेतली, नोकरी सोडली आणि दारावर पाटी लावली, ‘स्त्री-आरोग्य व आहार सल्ला’. आठवडाभरात सोसायटीचे सेक्रेटरी आले. गृहस्थ सभ्य होते, बूट बाहेर काढून आले. म्हणाले, “ताई, तुमचं काम चांगलंच असणार. पण बायकांच्या असल्या गोष्टींची पाटी बिल्डिंगमध्ये बरी दिसत नाही. फॅमिली लोक राहतात.” विमल म्हणाली, “फॅमिली होते कशी, असल्याच गोष्टींनी ना?” ते लाल झाले. पाटी मात्र काढावी लागली. तेव्हा संतापून तिने दुसरी करून आणली, ‘विणकाम वर्ग’. म्हणाली, “घ्या. आता दिसतंय बरं?” त्यांना खरोखरच बरं दिसलं. टोमणा त्यांना कळलाच नाही.

आणि गंमत म्हणजे त्या पाटीनंतर बायका यायला लागल्या! ‘सल्ला’ असताना कुणी फिरकत नव्हतं. घरी सांगायला कारण मिळालं. पेणकरपाड्यातून यायच्या, भाईंदरहून यायच्या. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन पहिल्या. “दीदी, सासुमा को बोला है स्वेटर सीखती हूँ. कुछ तो हाथ में दे दो, ऊपर जाके दिखाना पडता है.” मग विमलने लोकर आणली, सुया आणल्या. तिला स्वतःला उलटा-सुलटा टाका यापलीकडे काही येत नव्हतं. एकच स्वेटर सगळ्यांच्या हातात फिरायचा. जी येईल तिने चार ओळी विणायच्या, बोलायचं, कुणी दारात डोकावलं की मान खाली घालून पुन्हा विणायचं. मिरा रोडला स्वेटर घालायची थंडी कधी पडते हे कुणाच्या सासूने विचारलं नाही, एवढं मात्र खरं.

उत्तनहून बसने एक फिलू यायची, सुकी मासळी विकणारी. ती तेवढी नाटक करायची नाही. पहिल्याच दिवशी सुया हातात दिल्यावर तिने त्या परत टाकल्या. “स्वेटर कोनाला गो, बोंबलाला घालाचा काय? मी इनाला आलू न्हाय. माजी पाळी थांबत न्हाय, तां बग.” खोलीतल्या बाकीच्या बायका लाजून खाली बघायला लागल्या आणि मग हसत सुटल्या. विमल म्हणायची, अशा दहा फिलू मिळाल्या तर मी पाटी फोडून टाकीन. मिळाल्या नाहीत.

तिची पद्धत अशी होती. काय जेवता हे ती नंतर विचारायची. पहिला प्रश्न, “काल कोणाच्या नंतर जेवलात?” बाई गोंधळायची. मग सांगायची, मुलं जेवली, हे जेवले, सासूबाई जेवल्या, मग मी. “आणि तुमच्यापर्यंत काय आलं?” मग कळायचं की भात आला, भाजीचा रस आला, कडधान्यातलं पाणी आलं. दुसरा प्रश्न उपासांचा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, वर श्रावण... आणि उपासाला साबुदाणा नाहीतर नुसता चहा. तिसरा प्रश्न झोपेचा. त्याचं उत्तर एकच असायचं, पाणी. टँकर कधी येईल, नळ कधी सुटेल याचा नेम नाही, उठायचं बाईने. विमल सांगायची नाचणी घ्या, तीळ घ्या, जवसाची चटणी करा, शेवग्याचा पाला टाकून देऊ नका, मासे खाणाऱ्यांनी सुका जवळा खावा, सकाळी चहाच्या आधी पोटात काहीतरी ढकला, आणि रात्री वेळेवर झोपा. झोपेचं ऐकून एक बाई भडकली होती. “झोपते ना! पाणी तुम्ही येऊन भरता का?” विमल माझ्याकडे येऊन म्हणाली, “वहिनी, मी जेवण बदलू शकते गं. घर कसं बदलू?” मी म्हटलं, “नाही बदलणार. तू आपली नाचणी सांग.” नाचणी मीही तिच्या धाकाने रोज प्यायचे. मातीसारखी लागते. आजही सांगते, मातीसारखीच लागते.

तिचा एक दोष होता आणि तो मी तिच्या तोंडावर सांगितला होता. तिला वाटायचं अन्नाने सगळं होतं. स्वतःची पाळी तिने खाणं-झोप सांभाळून बरीचशी मार्गावर आणली होती, त्यामुळे ती खात्री तिच्या डोक्यात पक्की बसली होती. कुणाला बरं वाटलं की आठवडाभर पाय जमिनीवर नसायचे. शैला, माझी मुलगी, लग्न होऊन भाईंदरला गेली त्यानंतर पाळीत तिच्या अंगावरून फार जायला लागलं. ती आत्याकडे आली. विमलने अळिवाचे लाडू दिले, गूळ-शेंगदाणे दिले, म्हणाली, “धीर धर, चार-सहा महिन्यांत शरीर वळणावर येतं.” मी म्हटलं, “डॉक्टरांना दाखवू या का?” ती म्हणाली, “ते काय सांगणार, मूल होऊ दे म्हणून! मला माहीत नाही का?” तिच्या दृष्टीने ते बरोबर होतं. तिला तेच तर सांगितलं होतं सगळ्यांनी.

पण शैला एक गोष्ट आत्यापासून लपवत होती. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. आमच्या बायकांना हे नवीन नाही. घरात सत्यनारायण आला, घ्या गोळ्या. जावेची मंगळागौर, घ्या गोळ्या. गणपतीच्या सुमारास तर औषधांच्या दुकानात त्या गोळ्या हाताशीच काढून ठेवलेल्या असायच्या, चिठ्ठीबिठ्ठी कोण विचारतो. विहीणबाई स्वतः वर्षानुवर्षं घेत आल्या होत्या, त्यांना त्यात वावगं वाटत नव्हतं. बाई वाईट नव्हती. सुनेला गौरीच्या वेळी बाहेर बसावं लागू नये, तिचा मान जाऊ नये, म्हणून प्रेमाने आणून द्यायची. त्या वर्षी श्रावणात एक कार्य झालं, मग दुसरं, मग हरितालिकेचा पाण्याशिवायचा उपास, मग गणपती, मग गौरी. शैला गोळ्या घेतच राहिली. आणि कामाच्या रगाड्यात ऐन सणात घ्यायची विसरली. अंगात रक्त आधीच नव्हतं. जे होतं ते त्या फरशीवर आलं.

रिक्षात विमल शैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पायाशी. भाईंदरच्या एका लहान प्रसूतिगृहात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि जावयांना रक्त आणायला बोरिवलीला पळवलं. बाहेर येऊन विचारलं, “हिचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं होतं?” विमल म्हणाली, “मी अळिवाचे लाडू देत होते.” डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत, त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “लाडू द्या ना. मीही देते माझ्या बायकांना. पण ताई, गळक्या टाकीत पाणी भरताना आधी भोक कुठे आहे ते बघतात.” विमल त्या बाकावर बसून राहिली. तिच्या हाताला पुरण लागलं होतं, वाळून गेलं होतं. ते तिने धुतलं नाही.

शैला हॉस्पिटलात असताना विहीणबाई रोज आल्या, रोज डबा आणला. पण चार नातेवाइकांत बोलणं असं सुरू झालं की विमलच्या बियांनी आणि पाल्यांनी पोरीची वाट लावली. गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. आणि ती साडी! देवीपुढची साडी उचलली, घडी मोडली, रक्तात भरवली, हे वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. रक्त गेलं ते सगळे विसरले, साडी गेली ती कुणी विसरलं नाही. मला अजून आठवलं की डोकं फिरतं.

विमलने दार लावून घेतलं. बायका येऊन परत जायच्या. मला म्हणाली, “परत टायपिंग करते वहिनी. तिथे चूक झाली तर खोडरबर असतो.” मला तिची दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, “वन्सं, शैला मेली असती तर तुमचं हे दार मीच कायमचं बंद केलं असतं. ती मेली नाही. आता उठा आणि अर्धवट राहिलंय ते नीट शिका.” मी तिला अहो-जाहो फक्त रागावले की करायचे. ती उठली. भाईंदरच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, मला तुमच्या बाजूला बसू द्या. त्यांनी बसू दिलं. पुढे किती तरी महिने ती सकाळी तिथे बसायची, रक्ताचे रिपोर्ट वाचायला शिकली, गाठ म्हणजे काय, थायरॉइड म्हणजे काय, कुठे अन्न पुरतं आणि कुठे पुरत नाही ते शिकली. माझ्या मते ती आहारतज्ज्ञ झाली ती तेव्हा. दादरच्या सर्टिफिकेटाने नाही. त्यानंतर तिच्या खोलीत आलेल्या बाईला आधी रक्त तपासायला पाठवल्याशिवाय तिने लाडूचा ‘ल’ काढला नाही. आणि “कोणाच्या नंतर जेवलात?” ह्यानंतरचा तिचा दुसरा प्रश्न बदलला. “गोळ्या कधी घेतल्या होत्या? खरं सांगा, मी ओरडणार नाही.” ओरडायचीच, ते सोडा.

सगळी सुधारणा झाली असं लिहिलं तर ते खोटं होईल. बायका मान हलवायच्या, हो ताई म्हणायच्या, आणि पुढच्या गणपतीला त्याच दुकानात त्याच गोळ्या. एकीला गाठ निघाली, तिच्या नवऱ्याने विमललाच येऊन दम दिला, तुम्हाला कुणी सांगितलं होतं तपासायला? चाळिशी उलटलेल्या बायका यायच्या, अंगाची आग होते, झोप नाही, चिडचिड होते. घरचे म्हणायचे वय झालं, नाटकं करते. विमल त्यांना सांगायची, नाटक नाही, शरीर बदलतंय. एवढं ऐकूनच काही जणी तिथे रडायच्या. मला ते बघवायचं नाही, मी चहा ठेवायला उठायचे. संध्याकाळी विमल सुया गोळा करायची आणि म्हणायची, “वहिनी, मी भिंतीशी बोलते का गं?” मी म्हणायचे, “भिंत निदान मान हलवत नाही.” मग हसायची. त्या हसण्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडायची.

आता तेराव्याचं सांगते, कारण त्यासाठीच लिहायला बसले. एवढ्या बायका येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. जिन्यापर्यंत चपला. ह्यांच्या चुलतबहीण पुण्याहून आल्या होत्या, त्या एकेकीला विचारत होत्या, तुमची विमलशी ओळख कशी? पहिली म्हणाली, “त्यांच्याकडे विणकाम शिकायचे.” दुसरी म्हणाली, “विणकामाला यायचे.” तिसरीही तेच. मला माहीत होतं एकीची थायरॉइड विमलने पकडली होती, एकीला तीन वेळा दिवस राहून गर्भ पडल्यावर धरून डॉक्टरकडे नेलं होतं. आणि सगळ्या, मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर, विणकाम! पुण्याच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “केवढ्या जणींना शिकवलं हो! इतकं विणकाम तिला येत होतं हे माहीतच नव्हतं.” मी पंगतीत वाढत होते. हातातलं वरणाचं पातेलं आपटावं असं वाटलं.

तेव्हा शैला, माझ्याच मागे भात घेऊन उभी होती, ती म्हणाली, “आत्याला विणकाम येत नव्हतं.” आवाज नेहमीचाच होता. “मलाही येत नाही. मी पाळीच्या गोळ्या घेऊन गौरीपुढे पडले होते, तेव्हा आत्याने मला उचललं. आत्या बायकांची पाळी बघायची, रक्त बघायची, आम्ही काय जेवतो ते बघायची. ते शिकवायची ती. विणकाम नाही.” पंगतीत पुरुष बसले होते. एकाचा हात तोंडाशी तसाच थांबला. विहीणबाई समोरच होत्या. मला वाटलं आता त्या साडीचं काढणार. त्यांनी पदर सारखा केला, पानातल्या भाताकडे बघत बसल्या, आणि मग म्हणाल्या, “वाढ गं, वरण निवतंय.” एवढंच. बाकीच्या बायका... त्यांनी मान हलवली. जेवल्या, हात धुतले, गेल्या. जाताना एकीनेही शैलासारखं म्हटलं नाही. हंसाबेन दारात थांबून माझा दंड घट्ट धरून उभ्या राहिल्या. मला त्या धरण्याचा उपयोग काय?

परवा विमलची खोली आवरली. पाटी अजून दारावर आहे, सेक्रेटरी बदलले तरी कुणी काढली नाही. लाडूचे डबे धुवून ठेवले. खुर्चीवर तो स्वेटर होता. इतक्या जणींच्या हातांनी झालेला, कुणाचे टाके ताठ, कुणाचे ढिले, रंग जशी लोकर मिळाली तसे. एक बाही गुडघ्यापर्यंत लांब, दुसरी सुरूच केलेली नाही, आणि गळा कुणी ठेवलाच नव्हता, कारण घालायचा कुणाला होता? सुया त्यातच होत्या. शैला बरोबर आली होती. तिने तो उचलून बघितला, डोक्यात घालायचा प्रयत्न केला, डोकं बाहेर येईना. “आई, हा मी नेते,” म्हणाली. मी म्हटलं, “पुरा कर मग.” ती म्हणाली, “मला कुठे येतं?”

खरंच येत नाही तिला. गौरीपुढे फरशीवर पडली होती ती हीच. शैला. ती जगली.